जुन्या ट्रॅव्हलरचा कॅम्पर: कुलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) रोज कमी होतंय, पण खाली थेंब पडत नाही

बिऱ्हाड_पाठीवर (पुणे)
२ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडलोय म्हणून लिहितोय, लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज यायचा नाही.

गाडी २००३ ची टेम्पो ट्रॅव्हलर, नाकावर अजून बजाज टेम्पोचा बॅज आहे. आधीच्या जन्मी अँब्युलन्स होती, छप्पर उंच, आत ताठ उभं राहता येतं म्हणूनच घेतली. मागे दोन बर्थ, ओटा, चाळीस लिटरची पाण्याची टाकी, हे सगळं मी आणि बायकोनं दोन पावसाळे खपून केलंय. इंजिन तेच जुनं मर्सिडीज लायसन्सवालं ओएम ६१६, २.४ लिटर डिझेल.

मागच्या महिन्यात वाईहून पसरणी घाट चढत होतो, दुपारचे दोन, घाटाच्या मध्यावर टेंपरेचरचा काटा लाल रेषेजवळ गेला आणि मग अचानक खाली आला, मी म्हटलं चला निवलं, दोन वळणं पुढं गेलो तर पुढून वाफच वाफ. गाडी कडेला घेतली, तासभर थांबलो, चार लिटर पाणी प्यायलं तिनं. तेव्हापासून दर शंभर किलोमीटरला लिटरभर पाणी जातंय. आणि गंमत म्हणजे सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून बघतो तर पुठ्ठा कोरडा!

आतापर्यंत तीन मेकॅनिक झाले. पहिला म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील) गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. दुसऱ्यानं थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, म्हणाला आपल्याकडे लागतच नाही. तिसऱ्यानं न विचारता रेडिएटरमध्ये हळद टाकली, दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच.

मे महिन्यात आबांना (वडील, ७४) घेऊन मालवणला जायचंय, फोंडा घाटानं. आबांचं आजोळ तिकडचं, पंधरा वर्षांत गेले नाहीत. इंजिन उघडायचं का? काय करू सांगा.

दापोडी_निवृत्त
३ एप्रिल, सकाळी ६:१५

इंजिन उघडू नका. आधी गळती शोधा.

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी इंजिन सेक्शनला. पाणी कमी होतंय म्हटलं की लोक थेट हेड गॅस्केटवर उडी मारतात. पाणी हवेत विरत नाही हो, ते कुठूनतरी बाहेर जातंय किंवा आत, सिलिंडरमध्ये नाहीतर ऑईलमध्ये जातंय, दोनच वाटा. आधी बाहेरची वाट तपासायची कारण ती स्वस्त आहे.

पण त्याआधी एक गोष्ट. तुमचा काटा लाल रेषेवरून अचानक खाली आला ना, ते निवलं म्हणून नव्हे. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाण्याची पातळी त्याच्या खाली गेली की तो हवेचं नाहीतर वाफेचं तापमान दाखवायला लागतो आणि काटा पडतो. असा काटा पडला की त्याच क्षणी इंजिन बंद करायचं, दोन वळणं सुद्धा पुढं जायचं नाही. तुमच्या इंजिनाचं हेड बिडाचं आहे म्हणून तरलं, ॲल्युमिनियमचं असतं तर वाकलं असतं.

आता मला हे सांगा:
सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर एका मिनिटात वरचा होज (रेडिएटरचा रबरी पाईप) दगडासारखा कडक होतो का? झाकण उघडं ठेवून चालू केलं तर रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे येतात का? ऑईलची डिपस्टिक काढली तर ऑईल दुधाळ दिसतं का? धुराड्यातून गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येतो का?

चारही प्रश्नांना नाही म्हणत असाल तर गॅस्केटचं नाव तूर्त काढू नका.

बिऱ्हाड_पाठीवर
३ एप्रिल, रात्री ९:०५

काका, आत्ताच सगळं बघितलं. होज थंडपणी मऊच राहतो. सुरुवातीला दोनचार बुडबुडे आले मग बंद. ऑईल काळं पण स्वच्छ. पांढरा धूर नाही. म्हणजे चारही नाही!

एक आणखी दिसलं, सकाळी वरचा होज चपटा होऊन बसलेला असतो, कुणीतरी मुठीत दाबल्यासारखा. त्याचा काही संबंध?

दापोडी_निवृत्त
३ एप्रिल, रात्री ९:५०

संबंध आहे. झाकण बदला.

रेडिएटरच्या झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा दाब धरतो, छोटा मधला उलटा उघडतो. गाडी थंड होताना पाणी आकसतं तेव्हा हा छोटा उघडून रिकव्हरी बाटलीतलं पाणी परत आत घेतो. तो चिकटला की आत व्हॅक्यूम होतो आणि होज चपटा होतो. असं झाकण दाबही नीट धरत नसणार.

आणि दाब ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. साधं पाणी साध्या हवेत १०० डिग्रीला उकळतं, पाचगणीच्या उंचीवर तर ९६ च्या आसपासच. झाकणानं एक बारच्या जवळपास जादा दाब धरला की तीच उकळी १२० पर्यंत लांबते. म्हणजे बारीकशी गळती असली तरी नुसतं पाणीच जात नाही, दाबही जातो आणि घाटात उकळी आधी फुटते. तुमच्या पसरणीत हेच झालं.

थर्मोस्टॅट परत बसवा, उद्याच. तुमच्या या घराण्यातल्या इंजिनाला थर्मोस्टॅटच्या मागच्या अंगाला दुसरी चकती असते. थर्मोस्टॅट उघडला की ती चकती बायपासचं तोंड बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. काढून टाकलात तर बायपास कायम उघडा, अर्धं पाणी रेडिएटर न बघताच परत इंजिनात फिरतं. म्हणजे सपाटीवर इंजिन थंड राहतं, डिझेल जास्त खातं, आणि घाटात नेमकं तापतं. काढल्यानं फायदा होतो हा गैरसमज आहे, मी शेकडो वेळा भांडलोय यावरून.

नवा आणलात की आधी पातेल्यात दोऱ्यानं टांगून पाणी तापवून बघा, उघडतो का. बुडाला टेकू देऊ नका.

सांगलीकर_ट्रकवाला
४ एप्रिल, दुपारी १:२०

हळदीबद्दल सांगतो, कारण आमच्या घरात ते चालत आलंय. वडील सांगली मुंबई लाईनला ट्रक चालवायचे, केबिनमध्ये हळदीची पुडी कायम, देवाच्या फोटोमागं. भर रात्री कराडच्या पुढं रेडिएटर फुटला तर काय करणार माणूस? हळद पाण्यात फुगती, पाणी जिथनं बाहेर पडतंय तिथं जाऊन साचती आणि भोक बुजतं. त्यांनी ह्यावर गाड्या घरापर्यंत आणल्यात.

पण घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी रेडिएटर उतरवून साफ करायचाच, हा त्यांचा नेम होता. त्यांचं म्हणणं, हळद भोक आणि नळी ह्यात फरक करत न्हाई. ती बारक्या नळ्यांतही बसती. रस्त्यात अडकल्यावरचा इलाज गॅरेजमध्ये करायचा नसतोय. तुमच्या तिसऱ्या मेकॅनिकनं तेच केलं, म्हणून सांगतो रेडिएटर काढून खोलून घ्या, नुसता वरनं पाणी मारून धुतल्यानं ती निघायची न्हाई.

नवखा_डिझेल
४ एप्रिल, रात्री ८:१०

ती लीक बंद करायची बाटली मिळते ना बाजारात, ती टाकली तर? मी माझ्या हॅचबॅकमध्ये टाकली होती, सहा महिने झाले, काही प्रॉब्लेम नाही.

सांगलीकर_ट्रकवाला
४ एप्रिल, रात्री ८:४५

तीबी हळदच की, बाटलीतली. भोक बंद करणारी वस्तू आतल्या सगळ्या पाण्यात फिरती. नवी गाडी, स्वच्छ नळ्या, बारीक भोक असलं तर चालून जातंय. वीस वर्षांच्या रेडिएटरात आधीच निम्म्या नळ्या क्षारानं भरल्यात, त्यात आणखी भर नको.

माहुली_ते_लीड्स
५ एप्रिल, रात्री २:३० (तुमच्याकडे)

हा धागा वाचून राहवलं नाही. मी मूळची साताऱ्याची, आता इंग्लंडात लीड्सला. आमच्याकडे १९८७ ची फोक्सवॅगन टी३ कॅम्पर आहे, इथे तिला टी२५ म्हणतात. तिचं इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे नाकात, मधे गाडीच्या पोटाखालून लांबच लांब पाईप. म्हणजे गळायला जागाच जागा! आणि १.९ चं वॉटरबॉक्सर इंजिन, त्याचे हेड ॲल्युमिनियमचे, त्याला कुलंट चुकीचं घातलं की हेडच्या कडेला सील बसते तिथलं ॲल्युमिनियम खाऊन जातं. आमच्या आधीच्या मालकानं बरीच वर्षं मिळेल ते घातलं होतं, ते आम्ही निस्तरलं.

तुमच्यासारखंच आमचं, कुलंट जायचं आणि खाली थेंब नाही. मला जे शिकायला मिळालं ते सांगते.

एक, प्रेशर टेस्टर मिळवा. सायकलच्या पंपासारखा हातपंप असतो, वर मीटर, रेडिएटरच्या तोंडावर झाकणाऐवजी बसतो. इंजिन बंद आणि थंड. झाकणावर जेवढा दाब लिहिलाय तेवढाच द्यायचा, त्याच्या वर अजिबात नाही. मग काटा बघत बसायचं. काटा पडला की गळती आहे, आणि इंजिन थंड आणि फॅन बंद असल्यामुळे तुम्ही निवांत डोकं घालून शोधू शकता.

दोन, थंड असताना सापडली नाही तर गाडी गरम करून, बंद करून, पुन्हा शोधा. काही गळत्या फक्त गरमपणी उघडतात. आणि काही ठिकाणी थेंब पडतो तो थेट तापलेल्या धातूवर, तिथेच वाफ होते, जमिनीपर्यंत येतच नाही. पुठ्ठा कोरडाच राहणार.

तीन, पांढरा टिश्यू पेपर. प्रत्येक जोडाला गुंडाळून पंप मारायचा. बोटाला न कळणारा ओलावा कागदावर दिसतो. जुनी गळती असेल तर तिथे पांढरट नाहीतर हिरवट खार धरलेला असतो, तोही बघा.

बिऱ्हाड_पाठीवर
१० एप्रिल, रात्री ११:१५

आठवडाभर गायब होतो कारण रोज संध्याकाळी गाडीखालीच होतो. हे घ्या पहिलं अपडेट.

नाना पेठेतून थर्मोस्टॅट आणि झाकण आणलं. थर्मोस्टॅटवर ८० कोरलेलं आहे. आईच्या चहाच्या पातेल्यात टांगून बघितला, पाणी उकळायच्या बऱ्याच आधी हळूहळू उघडायला लागला, मुलगा बाजूला उभा राहून बघत होता, त्याला फारच आवडलं, तीनदा करायला लावलं.

प्रेशर टेस्टर एका मित्राच्या ओळखीनं भोसरीहून आणला. ०.९ बार भरला. पंधरा मिनिटांत ०.५ वर. ताई, टिश्यूची आयडिया जबरदस्त! रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्याला कागद लगेच ओला झाला. बॅटरी मारून जवळून बघितलं तर टाकी आणि कोअर (मधला नळ्यांचा भाग) जिथे झाळलेले असतात त्या शिवणीवर केसासारखी चीर, आणि तिच्याखाली हिरवा खार पापडासारखा सुटत होता.

रेडिएटर उतरवला आणि रेडिएटरवाल्याकडे नेला, साठीतले गृहस्थ, दुकान म्हणजे एक हौद, एक भट्टी आणि भिंतीला टांगलेले जुने रेडिएटर. माझा तांब्यापितळेचा आहे म्हणून दुरुस्त होतो म्हणाले. त्यांनी वरची टाकी डाख सोडवून काढली आणि मला आत बघायला बोलावलं. नळ्यांच्या तोंडावर पिवळा चिखल, अगदी भिजवलेल्या बेसनासारखा, आणि त्याच्याखाली पांढरा कडक थर. निम्म्याहून जास्त नळ्या बंद! त्यांनी चपटी पोलादी पट्टी एकेका नळीतून आरपार घातली, रॉडिंग म्हणतात त्याला, प्रत्येक नळीतून पिवळं पाणी निघत होतं. मग दोन्ही टाक्या परत झाळल्या, तोंडं बंद करून हवा भरली आणि हौदात बुडवला. एकही बुडबुडा नाही. मला म्हणाले, तुम्ही स्वतः बघा, नंतर म्हणू नका. दहा मिनिटं बघत उभा होतो.

सगळे होज पण नवीन घेतले, जुने दाबले तर आतून कुरकुर वाजत होते.

पण!! सगळं बसवून परत टेस्टर लावला तर अर्ध्या तासात ०.९ चा ०.८. फार थोडं, पण पडतंय. गाडी चाळीस किलोमीटर चालवली, पाणी पुन्हा बोटभर खाली. काका, ताई, आता कुठे बघू? वॉटर पंप कोरडा आहे, पंपाचं सील गेलं की जिथून गळतं ते खालचं बारीक भोक पण कोरडं.

नवखा_डिझेल
१० एप्रिल, रात्री ११:४०

ॲल्युमिनियमचा रेडिएटर असेल तर असाच झाळता येतो का? माझ्यात वरची टाकी प्लास्टिकची आहे.

दापोडी_निवृत्त
११ एप्रिल, सकाळी ६:०५

नवखा, नाही. प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या कोअरवर नुसती दाबून बसवलेली असते, मधे रबर. तिथे डाख चालत नाही, शक्यतो पूर्ण बदलायचा.

बिऱ्हाड, रेडिएटरवाला चांगला मिळाला तुम्हाला. अशी माणसं आता कमी होत चाललीत.

०.१ पडतंय म्हणजे दुसरी गळती आहे आणि ती लहान आहे. पाणी कुठे कुठे जातं ती यादी मनात धरा आणि क्रमानं जा: वरचा होज, खालचा होज, पंप, थर्मोस्टॅटचं घर, ब्लॉकवरचे वेल्च प्लग (भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या), सेन्सरचा आटा, आणि हीटरच्या लायनी. तुमची अँब्युलन्स होती ना? मागे पेशंटसाठी हीटर होता का कधी?

बिऱ्हाड_पाठीवर
११ एप्रिल, सकाळी ८:३०

माहीत नाही काका. मी घेतली तेव्हा मागे काहीच नव्हतं. फक्त फ्लोअरमधे दोन गोल भोकं होती, मी ती पत्र्यानं बंद केली.

दापोडी_निवृत्त
११ एप्रिल, सकाळी ८:४५

मग तिकडेच बघा. दोन गोल भोकं म्हणजे हीटरचा जाणारा आणि येणारा होज. कुणीतरी हीटर काढलाय. इंजिनाकडचं तोंड कसं बंद केलंय ते शोधा. हेडच्या मागच्या बाजूला, केबिनमधलं इंजिनचं कव्हर काढून.

माहुली_ते_लीड्स
११ एप्रिल, दुपारी ३:००

काकांना पूर्ण अनुमोदन. आणि बघताना नाकही वापरा. कुलंटला गोडसर वास असतो, गरम झालं की जास्त.

बिऱ्हाड_पाठीवर
१२ एप्रिल, रात्री १०:२०

सापडलं!!!

आज रविवार, गाडी सिंहगड रोडनं गरम करून आणली आणि लगेच केबिनमधलं कव्हर उचललं. आबा शेजारच्या सीटवर बसले होते, मी बॅटरी शोधतोय तेवढ्यात म्हणाले, काकवी सांडलीय का रे कुठे? मला काहीच वास येत नव्हता, पण त्यांचं लहानपण गुऱ्हाळावर गेलंय, त्यांना लगेच कळलं.

मागे हात जात नाही, डोकं तर नाहीच. बायकोचा छोटा आरसा तारेला बांधला आणि आत घातला. हेडच्या मागे एक निपल, त्यावर वीतभर होजचा तुकडा, आणि त्या होजच्या तोंडात चक्क एक बोल्ट कोंबून वरून क्लिप मारलेली. बोल्टच्या आट्यांच्या खाचांतून पाणी पाझरत होतं. अर्धा मिनिट आरशात बघत राहिलो, एक थेंब हळूहळू फुगला, सुटला आणि खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळकांड्यावर) पडला, चुर्र झालं, संपलं. जमिनीपर्यंत येणार कसा! मॅनिफोल्डवर तिथे पांढरा डाग, रुपयाच्या नाण्याएवढा, एकावर एक थर.

होज हातात आला तेव्हा बोटं काळी झाली, रबर फुगून लोण्यासारखं झालेलं. हे अजून एखाद्या घाटात सुटलं असतं तर सगळं पाणी एका मिनिटात गेलं असतं, मागे मुलगा आणि आबा. विचार केला की पोटात गोळा येतो. ज्यानं कुणी हे केलं त्यानं पाच मिनिटं वाचवली आणि पुढच्याचा जीव टांगला, माझा खरंच संताप झालाय.

काका, आता तिथे नवा होज आणि चांगला बोल्ट टाकू की निपल काढून प्लगच बसवू?

दापोडी_निवृत्त
१२ एप्रिल, रात्री १०:५०

प्लग. निपल सोडवून नमुना म्हणून दुकानात न्या, त्याच मापाचा आणि त्याच आट्याचा पितळी प्लग घ्या, तांब्याचा वॉशर नवा. अंदाजानं आणू नका, आटा वेगळा असला तर दोन फेरे बसतो आणि मग हेडचा आटा खातो. वॉशर असताना टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरज नाही.

आबांना माझा नमस्कार सांगा. वर्कशॉपात आमचे एक हेडमिस्त्री होते, ते असेच वासावरून गळती सांगायचे.

कणकवलीकर
१३ एप्रिल, सकाळी ११:००

फोंडा घाटानं येताय ते ऐकून बरं वाटलं. एक विचारायचं होतं, कुलंट कशाला, आमच्या कोकणात कुठे बर्फ पडतो? माझी जीप गेली बारा वर्षं विहिरीच्या पाण्यावर चालतेय.

दापोडी_निवृत्त
१३ एप्रिल, दुपारी १२:१०

हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. कुलंट म्हणजे नुसतं गोठू न देणारं औषध नाही. निम्मं निम्मं मिसळलं तर झाकण नसतानाही उकळी १०७ च्या आसपास जाते हा एक फायदा. पण आपल्याकडे खरा उपयोग त्यातल्या गंजरोधक द्रव्यांचा. साध्या पाण्यानं ब्लॉक आतून गंजतो, तो गंज सुटून रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाण्यात वर क्षार. बिऱ्हाडनं जो पांढरा कडक थर पाहिला तो त्याचाच. तुमच्या कोकणातलं पाणी देशावरच्या बोअरपेक्षा हलकं आहे म्हणून जीप चाललीय, पण एकदा रेडिएटरचं तोंड उघडून आत बोट फिरवा आणि बोटाचा रंग सांगा.

मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच वापरा. आणि डब्यावर वाचा, काही कुलंट आधीच पाणी मिसळलेलं येतं, त्यात परत पाणी घालायचं नाही.

कणकवलीकर
१३ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

बोट विटेच्या रंगाचं झालं काका. शनिवारी फ्लश करून घेतो.

प्राण्यांचा_डॉक्टर
१३ एप्रिल, रात्री ९:००

गाड्यांतलं मला फार कळत नाही पण एक सांगायलाच हवं. जुनं कुलंट काढाल ते गटारात, ओढ्यात किंवा अंगणात ओतू नका, उघड्या घमेल्यात पण ठेवू नका. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चव गोड, कुत्री मांजरं चाटतात. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात आणि बहुतेक वेळा आमच्याकडे आणतात तोवर उशीर झालेला असतो. मी स्वतः दोन कुत्री अशी गेलेली पाहिलीत. बंद कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावा, गॅरेजमध्ये टाकाऊ ऑईल जिथे देता तिथे विचारून द्या, सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

बिऱ्हाड_पाठीवर
१३ एप्रिल, रात्री ९:२५

डॉक्टर, खूप खूप आभार. आमच्या सोसायटीत चार कुत्री आहेत, रोज गाडीखालीच झोपतात. सगळं कॅनमध्ये भरलंय. आता पुठ्ठा पण उचलला.

प्लग बसला. आता भरताना हवा कशी काढायची ते कुणीतरी नीट सांगा, आधीच्या वेळी मी नुसतं तोंडापर्यंत भरून झाकण लावलं होतं.

माहुली_ते_लीड्स
१४ एप्रिल, रात्री १:१५

हवा काढणं हा आमच्या टी३ वाल्यांचा तर जिव्हाळ्याचा विषय. आमच्यात रेडिएटर पुढे असल्यामुळे हवा नाकात अडकते, म्हणून पुढची चाकं चांगली फूटभर वर उचलून, ग्रिलमागचा रेडिएटरचा स्क्रू सोडून हवा बाहेर काढावी लागते. तुमचं इंजिन आणि रेडिएटर दोन्ही पुढेच आहेत, त्यामुळे एवढा खटाटोप नाही, पण तत्त्व तेच, हवा वर जाते, म्हणून भरायचं तोंड सगळ्यात उंच पाहिजे.

गाडी चढावर लावा, नाक वर. हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दगड. हळूहळू ओता, घाईनं ओतलं की हवा खाली कोंडते. मधे मधे वरचा आणि खालचा होज हातानं दाबत राहा, बुडबुडे येतील. मग झाकण उघडं ठेवून आयडलला चालू करा. सुरुवातीला वरचा होज थंड असेल, थर्मोस्टॅट उघडला की एकदम गरम लागेल आणि पातळी धपकन खाली जाईल. तिथे घाबरायचं नाही, तेवढं भरायचं. बुडबुडे थांबले, पातळी स्थिर झाली की झाकण. पूर्ण थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी परत एकदा बघा, अजून थोडं बसतं.

आणि गरम असताना झाकण पुन्हा उघडायचं नाही. कधीच नाही. माझ्या नवऱ्याच्या हातावर अजून खूण आहे.

बिऱ्हाड_पाठीवर
१९ एप्रिल, रात्री ८:४०

सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर नाक वर करून ताईंनी सांगितलं तसंच केलं. पातळी धपकन खाली गेली तेव्हा खरंच छातीत धस्स झालं, पण तुमचं वाक्य आठवलं.

टेस्टर: ०.९ बार, एक तास. काटा हलला नाही. मी, बायको, मुलगा तिघं स्टूल टाकून बसलो होतो.

आज कात्रज, खंबाटकी करून वाई आणि परत तोच पसरणी घाट, मुद्दाम दुपारी. काटा ८० च्या जरा वर गेला आणि तिथेच बसला, पाचगणीपर्यंत. ज्या वळणावर मागच्या वेळी वाफ निघाली होती तिथे थांबून चहा केला, आमच्याच ओट्यावर. आबांनी दोनदा वाकून खाली बघितलं.

सांगलीकर_ट्रकवाला
१९ एप्रिल, रात्री ९:१०

लई भारी वाटलं वाचून. मालवणला जाताना मिसळलेलं कुलंट पाच लिटर कॅनमध्ये, एक वरचा होज, चार क्लिपा आणि एक फॅन बेल्ट सोबत ठेवा. आणि हळदीची पुडीबी ठेवा, वडिलांच्या आठवणीखातर सांगतोय, लागायची न्हाई.

दापोडी_निवृत्त
२० एप्रिल, सकाळी ६:१०

उत्तम काम केलंत. आता एक राहिलं. नवे होज गरम होऊन दबतात, क्लिपा सैल पडतात. पाचशे किलोमीटर झाले की इंजिन थंड असताना प्रत्येक क्लिप स्क्रू ड्रायव्हरनं पाव फेरा बघा, जास्त आवळून होज कापू नका. आणि मालवणपर्यंत रोज सकाळी निघायच्या आधी पातळी बघायची, झाकण लावायचं, मग चावी.

बिऱ्हाड_पाठीवर
१७ मे, संध्याकाळी ७:००

मालवणहून लिहितोय. राधानगरीवरून फोंडा उतरलो, कणकवलीकर दादांच्या घरी जेवलो (त्यांची जीप आता हिरव्या कुलंटवर आहे, बोटाला रंग लागत नाही, मी स्वतः तपासलं). पुण्यापासून बाटलीतली पातळी आहे तिथेच आहे, खडूनं रेघ मारून ठेवलीय.

रोज सकाळी झाकण आबा उघडतात. इंजिन थंड आहे का हे आधी तळहात लावून बघतात, मग मला हाक मारतात. उद्या आजोळचं घर बघायला जातोय. काका, पाचशे झाले, क्लिपा सकाळी बघतो.

दापोडी_निवृत्त
१७ मे, संध्याकाळी ७:२०

खालच्या होजची मागची क्लिप विसरू नका, ती दिसत नाही.